वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची बंदूक किती खरी, किती मोलाची?

गेल्या काही अंकांत जुन्या नाण्यांविषयी लिहिल्यापासून जुन्या बंदुकांविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर सुमारे साडेपाच फूट लांबीची तोड्याची (जळत्या वातीने पेटवायची) बंदूक सापडली. आमचे पूर्वज ती घेऊन पानिपतावर गेले होते, असे घरात सांगतात. एका व्यापाऱ्याने ती ‘शिवकालीन’ आहे असे म्हणून चाळीस हजार रुपये देऊ केले, तर दुसरा सहा हजारांच्या वर जाण्यास तयार नाही. खरे कोणाचे मानावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : किमतीचा विचार करण्याआधी एक काम करा. बंदुकीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडाची सरळ, बारीक काठी नळीत हलकेच सरकवा, ती आत थांबली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, आणि मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, धरून पाहा. काठीचे टोक रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या) छिद्रापर्यंत पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. ते चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत ठासलेली दारू आणि गोळी असू शकते, असे समजून पुढे काहीही खटाटोप न करता पोलीस ठाण्याला कळवा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनंतरही पेट घेते, आणि भरलेल्या अवस्थेत माळ्यावर टाकलेल्या बंदुका निघतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 नुसार कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके असे जे हत्यार दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. मात्र ‘दुरुस्ती करूनही’ या शब्दांवर सगळे अडते, आणि आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण किंवा व्यापाऱ्याने ठरवायचे नसते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करून तसे उत्तर लेखी मिळवा. त्या कागदाशिवाय चाळीस हजार काय आणि सहा हजार काय, दोन्ही आकडे हवेतले आहेत.

आता काळ. तोड्याच्या बंदुकीची घडण आपल्याकडे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत फारशी बदलली नाही. जळती जामगी, म्हणजे वात, धरणारा चिमटा दस्त्यातील (बंदुकीच्या लाकडी भागातील) खाचेतून खाली येतो, दस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात, रंजकाच्या कानावर, म्हणजे रंजक ठेवायच्या वाटीवर, फिरते झाकण असते आणि नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी (पट्ट्यांनी) किंवा तारेने बांधलेली असते. ही लक्षणे पाहून बंदूक भारतीय आहे इतके सांगता येते, ती कोणत्या शतकातली आहे ते सांगता येत नाही. इंग्रजी फौजेतून तोड्याची बंदूक हद्दपार झाल्यावरही आपल्या खेडोपाडीचे लोहार ती घडवत होते. त्यामुळे केवळ आकारावरून ‘शिवकालीन’ म्हणणारा माणूस एक तर अनभिज्ञ असतो किंवा धूर्त. घेणाराच वस्तूला शिवकालीन म्हणत असेल, तर तो शब्द त्याने पुढच्या गिऱ्हाइकासाठी घोकून ठेवलेला असतो.

पानिपताच्या कथेबद्दल मला आपला उपमर्द करायचा नाही, पण बाजारात कथेला मोल नसते, कागदाला असते. घरातील मोडी कागदांत बंदुकीची नोंद असलेली एखादी यादी, वाटणीपत्र किंवा सनद सापडते का ते पाहा. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानंतर इंग्रज सरकारने परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी घातली, त्यामुळे ज्या घरांनी बंदूक उघडपणे ठेवली त्या घरांत पुढे परवान्याचे कागद जमत गेले. लोक ते रद्दीत घालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या परवान्यावर आपल्याच पूर्वजाचे नाव आणि बंदुकीचे वर्णन असेल, तर मी त्या कागदाला बंदुकीच्या रुप्याच्या कामाइतकेच महत्त्व देईन.

किंमत ठरवताना नळीवर जव्हार (पोलादातील लहरींची नक्षी) आहे का, सोन्याचांदीचे मूळ नक्षीकाम आहे का, दस्ता मूळचा आहे का आणि एखाद्या संस्थानाच्या शिलेखान्याची (शस्त्रागाराची) खूण आहे का, हे पाहतात. बिकानेरच्या शिलेखान्यातील हत्यारांवर ठिपक्यांनी देवनागरी मजकूर उमटवलेला असतो आणि तशी वस्तू संग्राहक चढ्या भावाने घेतात. मात्र असे ठिपके आज ठोकणेही कठीण नाही. आपल्या छायाचित्रांत नक्षी नाही, एक बाजूपट्टी नवी दिसते आणि वाद्यांच्या जागी तार आहे. अशा साध्या बंदुका इंग्लंडमधील लिलावांत काहीशे पौंडांना जातात. तेव्हा कायद्याचा कागद हाती आल्यावर चाळीस हजार हा आकडा वेडगळ नाही, पण तो ‘शिवकालीन’ शब्दाचा नव्हे, तर चांगल्या स्थितीतील एकोणिसाव्या शतकातील बंदुकीचा आकडा आहे.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक आहे. घोड्याजवळील पट्टीवर मुकुट, इंग्रजीत ‘टॉवर’ आणि 1781 हे वर्ष कोरलेले आहे. ती आसईच्या लढाईत कंपनीच्या शिपायाने वापरली, असे प्रमाणपत्रही तो देतो. किंमत पावणेदोन लाख सांगतो. घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घेऊ नये. कारण सविस्तर सांगतो, कारण हीच चूक अनेकांकडून होते.

घोडा, म्हणजे चकमक धरणारा भाग, ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो, तिला संग्राहक ‘लॉकप्लेट’ म्हणतात. ब्रिटिश सरकारच्या लष्करी बंदुकांच्या लॉकप्लेटवर पूर्वी कारागिराचे नाव आणि वर्ष कोरत असत. 1764 मध्ये ती पद्धत बंद झाली आणि त्या जागी नुसता ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागार) हा शब्द येऊ लागला. वर्ष पुन्हा दिसते ते पुढच्या शतकात, केपाच्या (स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बंदुकांवर. म्हणजे चकमकीच्या बंदुकीवर ‘टॉवर’ आणि 1781 ही जोडी बसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट वेगळी होती. कंपनी स्वतंत्रपणे बंदुका बनवून घेई आणि त्यांवर कारागिराचे नाव, वर्ष आणि आपले चिन्ह कोरवीत असे. हे चिन्ह 1808 च्या सुमारापर्यंत पत्त्यांतील बदामाच्या आकाराचे होते. त्याचे चार भाग करून त्यांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण असे. त्यानंतर मुकुट धरलेला उभा सिंह आला. इंग्रज-मराठ्यांची आसईची लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. तेथील कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीवर बदाम हवा, आणि 74 व्या किंवा 78 व्या पलटणीतील गोऱ्या सैनिकाच्या बंदुकीवर वर्षाविना ‘टॉवर’ हवे. आपल्याला दाखवलेली बंदूक या दोहोंपैकी कोणाचीच होऊ शकत नाही.

अशा बंदुका येतात कोठून? उत्तर भारतात परदेशी हौशी मंडळींसाठी ‘ब्राउन बेस’च्या, म्हणजे ब्रिटिश पायदळाच्या चकमकीच्या बंदुकीच्या, प्रतिकृती गेली अनेक वर्षे तयार होतात. तो व्यवसाय प्रामाणिक आहे; ती प्रतिकृती गंजवून, तेलात काळी करून जुनी म्हणून विकणारा मात्र प्रामाणिक नाही. बऱ्याच प्रतिकृतींना रंजकाचे आरपार छिद्रच नसते, ते आधी पाहा. मग विक्रेत्याला नळी दस्त्यातून सोडवायला सांगा. जुन्या बंदुकीत नळीच्या खालच्या, कधीच उजेड न पाहिलेल्या अंगावर कारागिरांच्या बारीक खुणा सापडतात आणि तेथील धातू वरच्यापेक्षा कमी झिजलेला असतो. बनावट बंदुकीत वर आणि खाली गंज सारखाच, तांबूस आणि पिठूळ असतो. स्क्रू काढून पाहा. हाताने घडवलेला प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकापुरता असतो, एकाचा दुसऱ्यात नीट बसत नाही. लाकडात नळी बसवलेल्या खोबणीत छिन्नीच्या खुणा हव्यात, यंत्राच्या गोल रेषा नकोत. आणि मोजपट्टी न्यायला विसरू नका : कंपनीच्या पायदळी बंदुकीची नळी 39 इंचांची, म्हणजे जवळपास 99 सेंटिमीटर असते.

खैबर खिंडीच्या परिसरातील कारागिरांचे काम याहून कसबी असते. तेथे हाताने घडवलेल्या बंदुकांवर इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली किंवा शब्द चुकलेले दिसतात, आणि कधी व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली 1901 नंतरचे, म्हणजे राणीच्या निधनानंतरचे वर्ष असते. या बंदुकांचाही संग्रह करणारे लोक आहेत, आणि मला त्यांत गैर वाटत नाही. मात्र किंमत खैबरची द्यावी, टॉवरची नव्हे.

प्रमाणपत्राविषयी इतकेच सांगतो की विकणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेले प्रमाणपत्र ही जाहिरात असते.

प्रश्न : आजोबांना एका संस्थानिकांकडून मिळालेली दुनळी ठासणीची बंदूक आमच्याकडे परवान्यासह आहे. नळीवर ‘मँटन’ असे कोरले आहे. ही प्रसिद्ध लंडनच्या मँटनची का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जोसेफ मँटन 1835 मध्ये वारला, पण त्याचे नाव त्यानंतरही बंदुकांवर कोरले जात राहिले. कलकत्त्यात मँटन अँड कंपनीचे दुकान होते आणि संस्थानिकांच्या शिकारखान्यांत तेथून आलेल्या बंदुका पुष्कळ आहेत. त्या चांगल्या असतात, पण जोसेफच्या हातच्या नव्हेत. याशिवाय या नावाची नक्कल सर्वांत जास्त झाली. म्हणून नाव बाजूला ठेवून नळीखालचे शिक्के पाहा. नळ्यांची ताकद तपासून शिक्का मारणारे बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने सुरू झाले, तेव्हा त्याचा शिक्का असलेली नळी त्याआधीची असू शकत नाही. क्रमांक असल्यास तोही टिपून ठेवा. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड किंवा वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूक कारखानदारांच्या बाबतीत त्यांच्या जुन्या वह्यांतून त्या क्रमांकाची बंदूक कोणासाठी बनली हे कळू शकते, आणि त्या उत्तराने किंमत पालटते.

आणखी एक पाहा. आपली बंदूक आज केपाची आहे, पण रंजकाच्या कानाच्या जागी लोखंडाचा तुकडा बसवलेला दिसतो, म्हणजे ती मूळची चकमकीची असून नंतर बदललेली आहे. हा बदल जुना आणि प्रामाणिक आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. कोणी ‘पुन्हा चकमकीची करून देतो, दुप्पट दाम येईल’ म्हणाले तर त्याला नम्रपणे निरोप द्या. जाणता खरेदीदार बुजवलेली भोके शोधतोच, आणि मग ती बंदूक ना चकमकीची राहते ना केपाची.

परवान्याबद्दल एक सूचना : 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही या मोजणीत धरली जाते.

प्रश्न : लंडनमध्ये टिपू सुलतानाच्या शस्त्रांना कोट्यवधी मिळतात असे वाचले. माझा भाचा तेथे असतो. आमची सव्वाशे वर्षांची नक्षीदार बंदूक त्याच्यामार्फत तेथील लिलावात देता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. भाच्याच्या सामानातून नेणेही त्यातच आले.

टिपूच्या शस्त्रांशी तुलना करून मनाला त्रासही करून घेऊ नये. 2023 मध्ये त्याची तलवार लंडनमध्ये 1 कोटी 40 लाख पौंडांना गेली, ती केवळ पोलादाची किंमत नव्हे. त्याच्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची ‘बबरी’ नक्षी आणि उजवीकडून डावीकडे वाचायचे त्याच्या स्वतःच्या मौलुदी सनाचे आकडे असतात, आणि श्रीरंगपट्टण 1799 मध्ये पडल्यावर तेथील वस्तू कोणाच्या हाती गेल्या याची साखळी अनेकदा इंग्रज घराण्यांच्या कागदांत सापडते. वस्तू, खूण आणि कागद हे तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात, त्याचे ते पैसे आहेत.

परदेशी लिलावांचे आकडे आपल्या उपयोगाचे आहेत ते वेगळ्या कारणाने. आपल्यासारख्याच तीन-चार बंदुकांचे गेल्या काही वर्षांतील प्रत्यक्ष विक्रीचे भाव काढा. अंदाजित किंमत नव्हे, आणि दुकानदाराने लावलेली चिठ्ठीही नव्हे. छापलेल्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले लिलावगृहाचे कमिशन धरले आहे का ते पाहा, कारण ते बरेचदा पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते आणि विकणाऱ्याला मिळत नाही. भारतात खरेदीदार मोजके आणि कागदांची अट कडक, म्हणून येथील भाव त्याहून खालीच राहतो. येथील दुकानदार ज्या किमतीला वस्तू विकेल त्याच्या निम्म्याच्या आसपास त्याने आपल्याला दिले, तर मी त्याला लबाड म्हणणार नाही. त्याला ती वस्तू वर्षानुवर्षे सांभाळावी लागते.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवायची जुनी बंदूक काळवंडली आहे. ब्रासो आणि पॉलिश-कागदाने चमकवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नको. तो काळेपणा म्हणजे लोखंडावर सावकाश चढलेला थर आहे. तो एकदा घासला की परत येत नाही, आणि त्याबरोबर पुसट खुणा, शिक्के आणि नक्षीचा कडकपणाही जातो. लिलावाच्या सूचीत ‘घासलेली’ एवढा एक शब्द आला की भाव उतरतो. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, लोखंडावर बिनआम्ल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, लाकडाला तेल लावू नका आणि बंदूक भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या कपाटात आडवी ठेवा. ताजा, नारिंगी गंज पसरत असेल तर एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाला विचारा. पूजेला हळदकुंकू लागणारच. ते ओले न लावता कोरडे वाहावे आणि संध्याकाळी झटकून टाकावे. ब्रासो समईसाठी राहू द्या.