एमएस जनरल सर्जरी: सायन, घाटी की पुण्यात डीएनबी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमबीबीएसनंतर एमएस जनरल सर्जरी करायचं आहे, नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या रँकवर ऑल इंडिया कोट्यातून मुंबईचं सायन (महापालिकेचं कॉलेज) लागू शकतं, राज्य कोट्यातून संभाजीनगरचं घाटी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) लागू शकतं, आणि घरचे म्हणताहेत की पुण्यातल्या एखाद्या ट्रस्ट हॉस्पिटलात डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमएसच्या तोडीची पदवी) कर, घराजवळ राहशील. यातलं काय घ्यावं?

मी राज्यातल्याच एका शासकीय महाविद्यालयातून एमएस केलं आणि आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. माझं मत त्या बाजूला थोडं झुकणार, हे धरूनच वाचा.

कॉलेजचं नाव बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट शोधून काढा. रात्री दोन वाजता पर्फोरेशनचा (आतड्याला भोक पडलेला) पेशंट इमर्जन्सी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) टेबलवर आला की पोट कोण उघडतं? जेआर-टू (दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट) उघडतोय आणि समोर लेक्चरर असिस्टला उभा आहे, असं असेल तर ती सीट डोळे मिटून घ्या. लेक्चरर उघडतोय, जेआर-थ्री रिट्रॅक्टर धरतोय आणि जेआर-टू रक्ताच्या पिशवीसाठी ब्लड बँकेत उभा आहे, असं असेल तर तिथे कितीही मोठी नावं असोत, तीन वर्षांनी तुमचा हात कोराच राहील. पर्फोरेशन, ऑब्स्ट्रक्शन (आतड्यातला अडथळा), अडकलेला हर्निया, अपेंडिक्स: सर्जन घडतो तो या केसेसवर. मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया बघायला छान वाटतात, पण त्या बघून हात बसत नाही.

हे कळणार कसं? कॉलेजला एकदा जाऊन या. शक्यतो विभागाच्या ऑफिसात न बसता कॅज्युअल्टी आणि हॉस्टेल गाठा. जेआर-वनला विचारू नका. तो बिचारा झोपेअभावी ‘सीट सोड आणि पळ’ एवढंच सांगेल. नुकतीच परीक्षा झालेला किंवा बाँडवर (एमएसनंतरच्या सक्तीच्या सेवेत) असलेला माणूस पकडा. त्याला आता कुणाची भीती नसते. ‘ऑपरेटिव्ह किती मिळतं?’ असं मोघम विचारलंत तर ‘भरपूर’ असंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, पहिला अपेंडिक्स स्वतः कधी केलास? पहिली लॅपरॉटमी (पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया) कधी? लॅप कोलेमध्ये (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना) कॅमेराच धरलास की डिसेक्शनही केलंस? ओटी रजिस्टर दाखवलं तर अवश्य बघा, पण त्यातल्या ‘सर्जन’ या रकान्यावर फार विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी तिथे युनिट हेडचं नाव रिवाज म्हणून लिहिलं जातं, प्रत्यक्षात केस दुसऱ्याच कुणी केलेली असते. उलटंही घडतं.

आता सायन आणि घाटी. मुंबईच्या महापालिका कॉलेजांत यूरोलॉजी, प्लास्टिक, न्यूरो, पेडिॲट्रिक सर्जरी हे विभाग वेगळे आहेत, त्यामुळे मूत्रमार्गाची, भाजल्याची, डोक्याची केस तुमच्या युनिटकडून बरीचशी तिकडे जाते. जितकी संस्था मोठी, तितका जनरल सर्जरीचा वाटा आक्रसतो, हे प्रवेश घेताना फारसं कुणी सांगत नाही. पण सायनला ट्रॉमा आहे. लोकलमधून पडलेले, हायवेवरचे अपघात, शेजारी धारावी. पॉलिट्रॉमा (एकाच वेळी अनेक गंभीर इजा) सांभाळायला तिथे जितकं शिकाल तितकं राज्यात फार थोड्या ठिकाणी शिकाल. आतड्याचा टीबीही खूप दिसतो. शिवाय पुढे एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचं असेल तर या सुपरस्पेशालिटींमधल्या पोस्टिंग्ज आणि तिथली माणसं उपयोगी पडतात.

घाटीला जालना, बीड, बुलढाण्यापासून पेशंट येतात, तेही बहुधा दोन-तीन दवाखाने फिरून, उशिरा. बैलाने शिंग मारून आतडं बाहेर आलेलं, शेतातल्या यंत्रात हात गेलेला, गुडघ्यापर्यंत पसरलेला डायबेटिक फूट अशा केसेस मराठवाड्यात नवलाच्या नाहीत. पुढे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचं हॉस्पिटल काढायचं असेल तर असा पेशंटवर्ग फार मोलाचा. दूरबिणीच्या शस्त्रक्रियांची चौकशी मात्र नीट करा. भारतातली पहिली लॅप कोले 1990 साली डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे.जे.मध्ये केली, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला हे तंत्र काही नवं नाही. तरीही सेट चालू आहे का, गॅस असतो का, आणि युनिटमध्ये शिकवणारा कुणी आहे का, हे दरवर्षी बदलतं.

डीएनबी. पदवी मान्यताप्राप्त आहे, अवधी तीनच वर्षांचा आहे, कमीपणाचं काहीच नाही. अडचण एवढीच की ट्रस्ट हॉस्पिटलातला बहुसंख्य पेशंट कन्सल्टंटच्या नावावर आलेला असतो, पैसे भरतो आणि ‘ऑपरेशन सर स्वतः करणार ना?’ असं विचारतो. तुमच्या हातात ब्लेड यायचं तर ते दोन ठिकाणी येईल: धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा ठेवाव्या लागतात तिथे, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या पेशंटवर. म्हणून घरच्यांनी सुचवलेल्या हॉस्पिटलात हेच विचारा: या खाटांवरच्या केसेस रेसिडेंटला करू देतात का? उत्तर ठाम ‘हो’ असेल तर डीएनबीचा विचार जरूर करा, कारण लॅपरोस्कोपी आणि शिस्तशीर नोट्स या बाबतीत काही ठिकाणं सरकारीपेक्षा सरस आहेत.

युनिटबद्दल थोडं. एकाच विभागात एका युनिटचा हेड रात्री फोन उचलतो, दुसऱ्याचा उचलत नाही. सकाळच्या राऊंडला एका ठिकाणी शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी फाईल फेकतात. युनिट बहुतेक ठिकाणी विभागच ठरवतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. पण बहुतांश युनिट्स एकसारखीच वाईट आहेत असं दोघा-तिघांकडून स्वतंत्रपणे कळलं, तर ते कॉलेज यादीत खाली टाका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) 2023 च्या नियमांत पीजीला आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला 20 दिवस रजा आहे. ‘कामाच्या निकडीनुसार’ ही शेपटी सोबत आहे आणि सर्जरीत निकड कधी संपत नाही. पहिलं वर्ष सगळीकडेच ड्रेसिंग, इंडेंट आणि जागरणात जातं. अंगावर धावून येणं, पेशंटसमोर अपमान करणं हा मात्र ट्रेनिंगचा भाग नव्हे.

बाकी गोष्टी लवकर आटोपतो. तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी (जिल्हा रुग्णालयातलं काम) सगळ्यांनाच आहे; तो काळ चांगला जातो, ग्रामीण सर्जन मनापासून हात देतात. शासकीय आणि महापालिका कॉलेजांत एमएसनंतर एक वर्षाचा बाँड आहे, न केल्यास 50 लाख दंड. प्रबंधाचा गाईड रस घेणारा आहे का, हेही विचारून घ्या.

चॉइस फिलिंगला (पसंतीक्रम भरताना) तुमच्या जागी मी, पुढे एमसीएच किंवा शहर डोक्यात असेल तर सायन वर टाकेन, नाहीतर घाटी. डीएनबी तिसरी, वरचं ठाम ‘हो’ मिळालं तरच. आणि ऑल इंडियाच्या पहिल्या फेरीनंतर बाहेर पडायला मोकळीक असते, पुढच्या फेऱ्यांत नियम आवळत जातात. तेव्हा दोन्ही कोट्यांच्या तारखा एका कागदावर समोरासमोर लिहून ठेवा आणि माहितीपुस्तिका स्वतः वाचा, टेलिग्राम ग्रुपवर विसंबू नका.