एकवीस मोदक आणि एक रिकामं ताट

«ताई, मुलगी बारावी सायन्सला आहे. वर्षापूर्वी तिने सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी-एकादशी. सासूबाईंना केवढं कौतुक! आता उपवास नसला तरी दोन घास खाऊन उठते. फोनवर सारख्या सपाट पोटाच्या मुली, नाहीतर रेसिपीचे रील. गेल्या संकष्टीला तिने एकटीने एकवीस उकडीचे मोदक केले, कळ्या अगदी सुबक. सगळ्यांना आग्रहाने वाढले आणि चंद्रोदय झाल्यावर ‘पोट दुखतंय’ म्हणून स्वतः झोपून गेली. परवा दप्तरात चार दिवसांच्या पोळ्या सापडल्या. तीन महिने पाळी नाही. हे म्हणतात, फोन काढून घे, सुतासारखी सरळ येईल. घेऊ का? की माझंच काही चुकलं?»
– एक आई, सांगली

तुमच्या पत्रातले वजनाचे आकडे मी मुद्दाम गाळलेत. हे पान तुमच्या लेकीसारख्याच कुणा मुलीच्या हाती पडलं, तर ती नेमके तेवढेच लक्षात ठेवेल.

फोनचं नंतर बघू. तीन महिने पाळी नाही, ही गोष्ट आधी. याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे न्या आणि उपवासांपासून दप्तरातल्या पोळ्यांपर्यंत सगळं सांगा. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले तरी ‘चला, सुटलो’ म्हणू नका, मला यात खाण्याशी निगडित मानसिक आजाराची (ईटिंग डिसऑर्डर) लक्षणं दिसतात आणि या आजारात ते बरेच दिवस नॉर्मल येऊ शकतात. पुढची पायरी मनोविकारतज्ज्ञाची. मिरज तुमच्या उशाशी आहे, डॉक्टरांची वाण नाही. तोवर बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. मात्र चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, वरचेवर उलट्या करताना दिसली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता मोदकांचं. जी खात नाही ती एवढ्या हौसेने करते कशी, हे कोडं तुम्हाला पडलंय. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शिकण्यासाठी. त्या पुरुषांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय काही उरलं नाही. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, कुणी समोरचं ताट पुरवून पुरवून खाऊ लागले. सगळे चिडचिडे झाले, माणसांतून उठले, सारखी थंडी वाजायला लागली. तुमच्या लेकीचे रेसिपीचे रील आणि ते एकवीस मोदक मला तसेच दिसतात. तिची भूक मेलेली नाही, उलट ती तिला सोडतच नाहीये. त्यामुळे ‘थेर आहेत सगळी’ हे वाक्य घरातून आजच हद्दपार करा.

फोन निर्दोष आहे असं नाही हं. इन्स्टाग्रामच्या कंपनीने स्वतःच केलेली पाहणी २०२१ मध्ये बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं, असं त्यात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, असं कंपनीचं म्हणणं. पण या ॲपांची रीत तर आपल्या डोळ्यांसमोर आहे: एखाद्या पोटावर नजर चार सेकंद जास्त रेंगाळली, की तशी चाळीस पोटं पुढ्यात येतात. त्यातली किती फिल्टरची, किती श्वास रोखून धरलेली, हे सतराव्या वर्षी कळलं तरी मनाला वळत नाही.

तरी फोन हिसकावू नका. ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल आणि तुमच्याशी बोलणं तेवढं बंद करेल. जेवताना आणि रात्री झोपायच्या खोलीत फोन नाही, हा नियम करा, पण सगळ्यांसाठी. (‘फोन काढून घे’ म्हणणाऱ्या बाबांचा फोन जेवताना कुठे असतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही.) एखाद्या दुपारी शेजारी बसून तिलाच विचारा, कोणतं खातं बघितलं की जीव लहान होतो. ती खाती तिलाच काढू द्या.

१९९५ साली फिजी बेटांवरच्या एका भागात टीव्ही आला. भरलेल्या अंगाचं तिथे कौतुक असायचं, बारीक होणं ही काळजीची गोष्ट होती. वजनासाठी उलटी काढणारी मुलगी त्या वर्षीच्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींत शंभरातल्या अकरा निघाल्या. हे वाचलं की मला माझी आजी आठवते. ‘वाळलीस गं’ म्हणताना तिचा हात आधी तुपाच्या भांड्याकडे जायचा. आता तेच आपण ‘बारीक झालीस, मस्त!’ असं म्हणतो. मीही लग्नकार्यांत कितीतरी पोरींना म्हटलंय, आणि त्यातल्या कुणाला ते कुठे लागलं असेल, मला माहीत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तुमच्या लेकीच्या फोटोखाली तसं कुणी लिहीत असेल, तर त्यांना खासगीत सांगून थांबवा.

तुमच्यामुळे हा आजार झालेला नाही. पण त्यातून बाहेर काढायला तुम्ही लागाल. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या उपचारपद्धतीत मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी काही काळ आईवडीलच घेतात. किती वाढायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं, म्हणून मायेपोटी घाई नको. ताट तुम्ही वाढा, शेजारी बसा, गप्पा मात्र जेवणाच्या सोडून कशाच्याही. ती रडेल, ताट सरकवेल. तुम्ही बसून राहा. जेवणानंतरही अर्धा तास तिला एकटं सोडू नका. पत्ते खेळा, मालिका बघा, काहीही.

एक राहिलं. पुढची संकष्टी येईल तेव्हा तिला उपवास नाही, आणि हे तुम्ही सांगण्यापेक्षा सासूबाईंनी सांगितलं तर चालेल. तिचे उपवास त्यांच्याच कौतुकावर वाढलेत. आधी त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या.