सेमीफायनलच्या त्या पेनल्टीबद्दल

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री आला तेव्हा मी जागाच होतो, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण रागात काहीतरी लिहून बसलो असतो, आणि राग तुझ्यावर नव्हता. तुझ्या फुटबॉल सेमीफायनलमधल्या त्या पेनल्टीचा व्हिडिओ माझ्याकडेही तीन ग्रुपवरून आलाय. डिफेंडरचा पाय आणि त्या पोराचा पाय यात चांगलं वीतभर अंतर आहे, तो आधी पडलाय आणि मग ओरडलाय, यात काही शंका नाही. तू पेनल्टी दिलीस, गोल झाला, एक-शून्यवर मॅच संपली, आणि आता तू म्हणतेस की पुढच्या मॅचला शिट्टी हातात घ्यावीशी वाटत नाही.

आधी एक सांगतो. व्हिडिओ काढणारा गॅलरीत वर, बाजूला बसलेला. तू कुठे होतीस? त्या पोराच्या बरोबर पाठीमागे. पाठीमागून दोन पायांमधलं अंतर दिसत नाही, तुलाच नाही, कुणालाच दिसत नाही, वर्ल्डकपच्या पंचालाही दिसणार नाही. तुझी चूक असलीच तर ती शिट्टी मारायच्या चार सेकंद आधीची आहे, बॉल डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये) शिरत होता तेव्हा तू डावीकडे सरकायला हवं होतंस आणि तू सरळ पळत राहिलीस. ही चूक सुधारता येते. खोटं मात्र तू बोललेली नाहीस, ते तो बोलला, आणि ही दोन ओझी तू एकाच खांद्यावर घेऊन बसलीयस.

आता तुझा खरा प्रश्न. तू लिहिलंस, "टीव्हीवर एवढे मोठे प्लेअर लोळतात त्यांना कुणी काही करत नाही, मग इथल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला मी कुठल्या तोंडाने यलो कार्ड दाखवायचं?" प्रश्न चांगलाय, मी पण कैक वर्षं यावर डोकं लावलंय.

2002 च्या वर्ल्डकपला मी टीव्हीसमोर होतो. उल्सानला ब्राझील-तुर्कस्तान, मॅच संपत आलेली, रिव्हाल्डो कॉर्नर घ्यायला उभा, तुर्कस्तानच्या हकन उन्सालने चिडून त्याच्याकडे बॉल मारला. बॉल लागला मांडीला आणि रिव्हाल्डो दोन्ही हातांनी तोंड धरून खाली. उन्सालला दुसरं यलो, बाहेर. अख्ख्या जगाने रिप्ले बघितला. फिफाने नंतर रिव्हाल्डोला दंड केला 11,670 स्विस फ्रँक, आणि बंदी? एका मॅचची पण नाही. तो पुढच्या मॅच खेळला, महिनाअखेरीस ब्राझील वर्ल्डकप जिंकला. मला रिव्हाल्डो खेळाडू म्हणून फार आवडायचा, म्हणून जास्त लागलं ते. त्या माणसाला दंडाची रक्कम म्हणजे काय असणार गं? खिशाला कळलंसुद्धा नसेल.

आणि फिफाला कडक शिक्षा देताच येत नाही असंही नाही. 1989 ला माराकानावर ब्राझील-चिली वर्ल्डकप क्वालिफायर होती, चिली एक-शून्यने मागे, गॅलरीतून फटाका मैदानात पडला आणि चिलीचा कीपर रोबेर्तो रोहास रक्ताने माखून खाली पडला. टीम मैदान सोडून गेली. पुढे फोटो आले आणि कळलं की फटाका त्याला लागलाच नव्हता, ग्लोव्हमध्ये लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःच कपाळ कापून घेतलं होतं. रोहासला आजन्म बंदी (ती 2001 ला उठवली) आणि चिलीला 1994 च्या वर्ल्डकपची दारं बंद. म्हणजे मनावर घेतलं की जमतं. पण ते प्रकरण एवढं भयंकर होतं की मनावर घ्यावंच लागलं. रोजचं, साधं, डीमध्ये गुडघे मोडून पडणं, ते सगळ्यांनी "खेळाचा भाग" म्हणून सोडून दिलं, आणि माझं भांडण तिथे आहे.

नियम काय सांगतो तुला पाठ आहे, बारावा नियम, पंचाला फसवायचा प्रयत्न केला तर यलो आणि समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. पण नीट विचार कर, हे यलो कुणाला मिळतं? ज्याचं नाटक फसलं त्याला. ज्याचं नाटक वठलं त्याला पेनल्टी मिळते. म्हणजे कच्च्या ॲक्टरला शिक्षा आणि पक्क्या ॲक्टरला गोल, मग पोरं काय शिकणार? पडू नये असं नाही शिकत ती, पडायचं तर नीट पडावं असं शिकतात.

ही भानगड इंग्लंडवाल्यांच्या लक्षात आली तेव्हा त्यांनी 2017 ला नियम केला की फसवणूक यशस्वी झाली, म्हणजे पडून पेनल्टी मिळवली किंवा समोरच्याला बाहेर काढलं, तर मॅचनंतर व्हिडिओ बघून दोन मॅचची बंदी. बघणारे तिघं, एक माजी पंच, एक माजी मॅनेजर, एक माजी खेळाडू, आणि तिघांचंही एकमत झालं तरच पुढचं. प्रीमियर लीगमध्ये पहिला सापडला एव्हर्टनचा उमार नियास, नोव्हेंबर 2017, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. महिन्याभरात वेस्ट हॅमचा लान्झिनी. स्कॉटलंडमध्ये तर हे आधीपासूनच चालू होतं.

मला ही पद्धत पटते आणि तरी एक गोष्ट खुपतेच. नियास बसला दोन मॅच बाहेर, पण ती मॅच दोन-दोन सुटली होती आणि त्याने मिळवलेल्या पेनल्टीचा गोल त्यात धरलेला होता. पॅलेसला काय मिळालं? ज्या टीमचं नुकसान झालं ती तिथेच, आणि बंदीचा फायदा पुढच्या दोन मॅचमध्ये समोर येणाऱ्या भलत्याच टीमला. म्हणून माझं मत असं झालंय की शिक्षा किती कडक यापेक्षा फसवून मिळवलेलं हातात राहतं का काढून घेतलं जातं, हे जास्त महत्त्वाचं. 2018 च्या वर्ल्डकपला कोस्टारिकाविरुद्ध ब्राझीलचा नेमार मागे झुकून पडला, पंच क्युपर्सने पेनल्टी दिली, मग बाजूच्या स्क्रीनवर जाऊन बघितलं आणि रद्द केली. तिथल्या तिथे. व्हिडिओ बघून निर्णय तपासायच्या या व्हीएआरबद्दल मी खूप कुरकुर केलीय पण त्या दिवशी मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या, तुझ्या काकू अजून सांगतात. अमेरिकेच्या लीगने 2024 ला आणखी एक केलं, पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडून राहिलास आणि फिजिओ आत आला तर दोन मिनिटं बाहेर थांब (डोक्याला मार वगैरे असेल तर सूट). टीम दोन मिनिटं दहाजणांवर. उगाच लोळणाऱ्याला त्याचे स्वतःचेच लोक ओरडतात, "ऊठ रे!" असं पाहिजे.

आपल्याकडे यातलं काही नाही. ना स्क्रीन, ना तिघांची समिती, पेठेची ईर्षा, वर खचाखच गॅलरी आणि मध्ये तू एकटी. म्हणून कुणी कुणी म्हणतं, "डायरेक्ट रेड द्या ना, एका सीझनमध्ये बंद होईल". मी पण एकेकाळी हेच म्हणायचो. आता म्हणत नाही, आणि का ते सांगतो, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

पंचगिरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी एका मॅचमध्ये एक विंगर होता, बारकंसं पोरगं, पहिल्या हाफमध्ये दोनदा उगाच पडला. मी मनात नोंद करून ठेवली. दुसऱ्या हाफमध्ये तो डीच्या कोपऱ्यावर पडला आणि मी पळत जाऊन यलो दाखवलं, जरा जोरातच दाखवलं, गॅलरीने दाद दिली आणि ती मला आवडली. तो उठला नाही. मी "ऊठ" म्हणालो, दोनदा म्हणालो. त्याचा बूट काढला तेव्हा घोटा लिंबाएवढा सुजलेला. डिफेंडरने खरोखर तुडवला होता आणि मला दिसला नव्हता, कारण मी पायाकडे बघतच नव्हतो, मी त्या पोराच्या आधीच्या दोन पडण्यांकडे बघत होतो. त्याचा तो सीझन गेला. नंतर मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईने चहा दिला, कुणी एक शब्द वाईट बोललं नाही, आणि ते जास्त जड गेलं.

त्या चुकीला रेड असतं तर? एवढी जबर शिक्षा हातात असली की पंच दोनपैकी एक करतो, एकतर ती देतच नाही किंवा रागात देतो. युरोपातही बघ, 2009 ला आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकविरुद्ध पेनल्टी मिळवली, कीपर बोरुक त्याला लागला असं काही रिप्लेत दिसत नव्हतं, युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, दोन मॅचची बंदी घातली, अपिलात ती उठली, कारण पंच फसवला गेला हे पुरेसं सिद्ध होत नाही म्हणे. एवढे कॅमेरे, एवढे वकील, तरी. मग तुझ्याकडून अर्ध्या सेकंदात कोर्टाचा निकाल कोण मागू शकतं?

म्हणून मैदानात तुझ्यापुढे दोन नाही, तीन रस्ते आहेत हे कायम लक्षात ठेव. फाउल, नाटक, आणि काहीच नाही. नवीन पंच हा तिसरा विसरतात. पाय लागला म्हणजे फाउल झालाच असं नाही, आणि पाय लागला नाही म्हणजे नाटकच असंही नाही, कारण नुसता लाथ मारायचा किंवा पाडायचा प्रयत्न पण फाउलच, आणि जोरात येणारा पाय चुकवायला उडी मारून पडलेला पोरगा खोटारडा नसतो. खात्री नसेल तर दोन्ही हात पुढे करून "खेळा, खेळा" म्हण आणि पळत राहा. यलो फक्त जेव्हा तुझ्या पोटात जराही किंतु नाही तेव्हाच.

बघायचं काय? हात बघ. खरं अडखळलेला माणूस हात खाली टेकवायला नेतो, शरीर आपोआप करतं ते. नाटक करणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे, डोकं मागे, गुडघ्यातून पाय दुमडलेले, ताणलेल्या धनुष्यासारखा. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीच्या पॉल मॉरिस यांनी यावर अभ्यास केलाय, खऱ्या तोल जाण्यात शरीर असं होतच नाही. दुसरं, मागचा पाय जमिनीवर घासत आणलाय का, म्हणजे लागायच्या आधीच पडायची तयारी. तिसरं माझं स्वतःचं, पडल्या पडल्या तो आधी कुणाकडे बघतो. दुखलेला आपल्या पायाकडे बघतो.

आणि त्या पोराबद्दल. फायनलला तो परत तुझ्यासमोर येऊ शकतो. सगळ्यात जास्त भीती मला तिथली वाटते, व्हिडिओची नाही. त्याला खरंच कुणी पाडलं तर पेनल्टी द्यायची, तेवढ्याच जोरात शिट्टी मारून. मागच्या मॅचचा हिशोब तू काढायचा नाही, तो तुझा अधिकारच नाही. मॅचआधी त्याला बाजूला घेऊन बोलायचं पण नाही. हां, त्याचा कोच माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याशी मी बोलणार आहे, आणि त्या पोराला आरोन हंटची गोष्ट सांग म्हणणार आहे. 2014, जर्मनीत ब्रेमेन विरुद्ध न्युरेंबर्ग, ब्रेमेन दोन-शून्यने पुढे, पण दोन्ही टीम खालच्या नंबरांवर धडपडत होत्या. हंट डीमध्ये पडला, पेनल्टी मिळाली, आणि हा गडी उठून पंचाकडे गेला आणि सांगितलं की मला कुणी पाडलं नाही. पेनल्टी रद्द. न्युरेंबर्गच्या पोरांनी येऊन त्याच्याशी हात मिळवला. मला यात आवडतं ते हे की हंट आधी पडला होता. खोटं केलं होतं त्याने, आणि मग चार पावलांत ते परत घेतलं. सतरा वर्षांच्या पोराला ही चार पावलं कुणीतरी दाखवली पाहिजेत, आणि नंतर ती तो चालला नाही तर कोचने त्याला एक मॅच बाहेर बसवायला पाहिजे, जिंकायचं असलं तरी. ते कोचचं काम आहे, तुझं नाही.

रिपोर्टमध्ये जे तुला मैदानात दिसलं तेच राहू दे. व्हिडिओ बघून आता काही बदलू नकोस. कुणी विचारलं तर सरळ सांग, मला तिथून फाउल दिसला, व्हिडिओत तो नाही. एवढंच, त्यापुढे एक शब्द नाही. आणि ते ग्रुप म्यूट कर बाई.

रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये, बूट घालून, शिट्टी आणि कार्ड घेऊन. मी चार पोरं बोलावलीत. डीमध्ये चाळीस वेळा पडायला लावणार आहे, कधी खरंखुरं अडखळून, कधी खोटं, कुठलं कधी ते मी त्यांच्या कानात सांगणार. तू प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून पळत यायचं आणि निर्णय द्यायचा. पहिले दहा बरोबर पाठीमागून घेऊ, तुला कळेल मी काय म्हणतोय ते. पाण्याची बाटली आण, तिथला नळ बंद आहे.

तुझा,
सर