जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडली तर चालेल का?

नाही, थेट जोडू नका. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला, तो करंट ठरावीक मर्यादेत ठेवतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे ती अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत राहते. गगनबावड्याच्या घाटात दुसऱ्या गिअरला हळू चढताना अल्टरनेटरला वाराही कमी मिळतो आणि त्याचं वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी) तापून जळू शकतं. दुसरा धोका बीएमएसचा, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटचा. त्याने चार्जिंग अचानक तोडलं तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. कोल्हापुरात गाड्यांचं वायरिंग करतो, त्यामुळे जळालेले अल्टरनेटर समोर येतात.

जुन्या गाडीला २० ते ३० अँपिअरचा चार्जर पुरतो. ३० अँपिअरने कोल्हापूर ते पुणे प्रवासात १०० एएचची (अँपिअर-तासांची) रिकामी बॅटरीही जवळपास भरते. पावसाळ्यात इथे सोलरचा भरवसा नसतो, तेव्हा याचाच आधार. जोडताना:

- १६ चौरस मिमी तांब्याची वायर. लग (वायरच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा, हातोडीने नको.
- दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हजवळ फ्यूज. हा टाळलात तर आग लागू शकते, कृपया टाळू नका.
- इग्निशनची वायर जोडा, म्हणजे इंजिन बंद असताना गाडीची मूळ बॅटरी उतरत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा: ही बॅटरी ० अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते. कोल्हापुरात प्रश्न येत नाही, पण लडाख-स्पितीचा बेत असेल तर लो-टेम्परेचर कटऑफ (थंडीत चार्जिंग आपोआप थांबवण्याची सोय) असलेलीच घ्या.