यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, वय २२. बसस्टँडमागे पुरुष पुरुषांना भेटतात म्हणे. हा प्रकार कधीपासूनचा, आणि गेलोच तर सुरक्षित कसं राहायचं?

भाऊ, यात लाजण्यासारखं काही नाही आणि तू गुन्हेगारही नाहीस. दोन सज्ञान पुरुषांनी राजीखुशीनं, खाजगीत ठेवलेला संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ सारखं कलमच नाही. हे पाठ करून ठेव. लुबाडायला येणारा पहिली भीती याच कलमाची घालतो.

मी गे आहे, याच भागात वाढलो, आणि काही वर्षं एचआयव्ही प्रकल्पात आउटरीचचं काम केलं. साइटवर जायचं, कंडोम द्यायचे, पोरांना तपासणीला घेऊन जायचं. त्या अनुभवावरून सांगतो.

असली ठिकाणं आजकालची नाहीत आणि परदेशातून आलेलीही नाहीत. ज्याला घरात जागा नाही तो बाहेर जागा शोधतो, एवढं साधं आहे ते. लंडनच्या बागांमध्ये अठराव्या शतकातही पुरुष असेच भेटत. त्याच इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता करून ३७७ आपल्या माथी मारलं, १८६२ पासून लागू केलं, आणि इंग्लंडमध्ये मात्र १९६७ साली कायदा सैल केला. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज नावाच्या समाजशास्त्रज्ञानं साठच्या दशकात बागांतल्या सार्वजनिक शौचालयांत भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त लग्न झालेले, बायकोसोबत राहणारे निघाले. आपल्याकडेही तेच दिसतं. स्टँडवर भेटणारा माणूस बहुतेकदा कुणाचा तरी बाप असतो. पण ही माहिती काढायला हम्फ्रीजनं त्या लोकांच्या गाड्यांचे नंबर टिपले आणि पुढे ओळख लपवून त्यांच्या घरी गेला. मला ते आजही चुकीचं वाटतं. अशा जागी आलेल्या माणसाची ओळख ही त्याची अमानत असते, अभ्यासासाठीसुद्धा तिला हात लावायचा नसतो.

मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे आपल्या लोकांचं मासिक निघालं, १९९४ साली हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, आणि अशा ठिकाणी आरोग्याचं काम पोहोचायला लागलं. ते सोपं नव्हतं. २००१ साली लखनौत हेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी अटक केली आणि महिन्याहून जास्त काळ त्यांना तुरुंगात राहावं लागलं.

आपल्या भागात स्टँड, जत्रा, आठवडी बाजाराची संध्याकाळ, जिनिंगच्या मागची बाजू, अशा जागा होत्या. शेवटची एसटी गेल्यावरही बाकड्यावर बसून राहिलेला माणूस, हातात खर्‍याची पन्नी, एकदा बघतो, नजर वळवतो, पुन्हा बघतो. मग ‘नागपूर गाडी गेली का?’ गाडी गेलेली दोघांनाही माहीत असते. पुढे अर्धा तास नुसत्या कापसाच्या भावावर गप्पा. कित्येकांना तेवढंच हवं असायचं, आपल्यासारखा कुणीतरी शेजारी बसलेला. लोक या जागांना सरसकट घाण म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी.

आता धोक्याचं. मुंबईत माणूस गर्दीत विरतो. इथं गाडी कुणाची, पोट्टा कुणाचा, हे चहावाल्याला माहीत. म्हणून इथं मारापेक्षा बदनामीच्या धमकीवर पैसे उकळणं जास्त चालतं, आणि ते आता मोबाइलवरून चालतं. अ‍ॅपवर गोड बोलणारा, चेहरा न दाखवणारा कुणीतरी कालव्याकडं किंवा गावाबाहेरच्या बंद खदानीकडं बोलावतो. तिथं आणखी तिघं-चौघं निघतात. व्हिडिओ काढतात, फोन हिसकतात, पिन विचारून खातं रिकामं करतात, ‘बापाला पाठवू’ म्हणतात.

म्हणून पहिली भेट दिवसा, चार लोकांत, चहाच्या टपरीवर. त्याआधी व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे. टाळाटाळ करणाऱ्याला भेटू नकोस. स्वतःच्या गाडीनं जा, त्याच्या गाडीवर मागं बसू नकोस. मोठी रक्कम असलेलं खातं त्या फोनवर ठेवू नकोस. चेहरा दिसेल असा उघडा फोटो कुणालाही पाठवू नकोस. एका भरवशाच्या माणसाला कुठं जातोस ते सांगून जा. कारण सांगायची गरज नाही, जागा आणि वेळ पुरे. उघड्यावर काही करू नकोस, सार्वजनिक जागी अश्लील वर्तन आजही गुन्हा आहे आणि त्रास द्यायला तेवढं निमित्त पुरतं. समोरचा अठराच्या आतला असेल, किंवा नुसती शंका असेल, तर तिथूनच परत फिर. त्यात कसलीच सवलत नाही, कायद्यानंही नाही आणि माणुसकीनंही नाही.

सापडलासच तर त्या क्षणी जीव वाचव, मागतील ते देऊन टाक. पण घरी आल्यावर पुढचा एक रुपयाही देऊ नकोस. एकदा दिले की दर पंधरा दिवसांनी फोन येतो, हे मी फार जवळून पाहिलंय. चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. खंडणी हा न्याय संहितेच्या कलम ३०८ चा गुन्हा आहे, आणि तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, गावातल्याच ठाण्यात जायला पाहिजे असं नाही. एक उणीव मात्र राहिली आहे. पुरुषावर पुरुषानं बळजबरी केली तर बलात्काराचं कलम लागत नाही. मारहाण, डांबून ठेवणं, लूट ही कलमं लागतात. तक्रार त्यावर होते.

नागपूरचे श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढला मराठीचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना लोक कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या घरात घुसले, वर विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरात ते राहत्या घरी मृत सापडले. न्यायालय बाजूनं होतं, तरी माणूस गेला. धमकी आल्यावर एकटा राहू नकोस म्हणतो ते म्हणून. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

तब्येतीचं. कंडोमसोबत खोबरेल किंवा व्हॅसलीन वापरलं की कंडोम फाटतो. आपल्याकडं सर्रास तेच होतं. मेडिकलमधून पाण्याचं बेस असलेलं जेल घे. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर ७२ तासांच्या आत सरकारी मेडिकल कॉलेजच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, जाऊन पीईपी, म्हणजे संबंधानंतर लागण रोखणाऱ्या गोळ्या, माग. जितक्या लवकर तितकं चांगलं. गोळ्या २८ दिवस चालतात. लागण होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची प्रेपची गोळीही मिळते, तिच्याबद्दल डॉक्टरला विचार.

ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर यवतमाळला किंवा सेवाग्रामला जा. निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बंधनकारक आहे. आज निगेटिव्ह आलास तरी तीन महिन्यांनी पुन्हा कर. सोबत सिफिलिसची तपासणी करून घे, तो पेनिसिलिननं बरा होतो. हिपॅटायटिस बी ची लस घेऊन टाक. पॉझिटिव्ह आलास तरी औषध मोफत आहे, आणि ते नेमानं घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला की संबंधातून पुढं लागण होत नाही.

काही विचारायचं असेल तर नाको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेचा १०९७ टोल-फ्री आहे, नाव सांगावं लागत नाही. नागपुरात सारथी ट्रस्ट आपल्या लोकांसोबत काम करते. स्टँडमागे अंधारात जाण्याआधी एकदा तिथं जाऊन बस. तुझ्यासारखे तिथं भेटतील, उजेडात.