नंतर जोडलेल्या ओळीतलं 'काढा' बटण क्लिकला दाद का देत नाही?

वेबपान उघडताना यादीत असलेल्या तीन वस्तूंपुढचं 'काढा' बटण चालतं, 'जोडा' दाबून आलेल्या चौथ्या वस्तूचं मात्र ढिम्म हलत नाही आणि कन्सोलमध्ये एररही दिसत नाही, अशी तुमची अडचण आहे. एरर येणारच नाही, कारण ब्राउझरच्या लेखी काहीच चुकलेलं नाही. क्वेरीसिलेक्टरऑल (जुळणारे सगळे घटक शोधणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) चालतं त्या क्षणी पानावर जी बटणं असतात तेवढीच त्याच्या हाती लागतात. लिसनर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन, क्लासला नाही, त्या त्या एलिमेंटला (पानावरच्या घटकाला) लागतो. चौथ्या बटणाचा क्लास तोच असला, तरी त्याला लिसनर लावलाय कोणी?

प्रत्येक वेळी जोडून झाल्यावर बटणांना लिसनर लावणारा लूप पुन्हा फिरवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. लूपमध्ये अनामिक फंक्शन लिहिलं असेल तर दर खेपेला ते नवं बनतं, जुन्या बटणांवर दुसरा, तिसरा लिसनर चढतो आणि एका क्लिकला सर्व्हरकडे तीन डिलीट रिक्वेस्ट जातात.

क्लिक बटणावर संपत नाही. तो एलआय (यादीतली ओळ), यूएल (अख्खी यादी), बॉडी असा डॉक्युमेंटपर्यंत वर चढत जातो. यालाच बबलिंग म्हणतात. म्हणून लिसनर एकच ठेवा आणि तो यूएलवर लावा, कारण ओळी आल्या-गेल्या तरी यूएल जागेवरच असतो. लिसनरच्या आत कोडच्या तीन ओळी पुरतात. इव्हेंटच्या टार्गेटवर (क्लिक ज्या घटकावर पडला त्यावर) क्लोझेस्ट (तिथून वर जात जुळणारा पहिला घटक शोधणारं फंक्शन) चालवून 'काढा'चं बटण शोधा; ते सापडलं नाही तर तिथूनच रिटर्न करा; सापडलं तर त्या बटणापासून पुन्हा क्लोझेस्टने एलआय गाठा आणि त्यावर रिमूव्ह चालवा.

इथे क्लोझेस्ट का, थेट टार्गेटचा क्लास का तपासायचा नाही? तुमच्या बटणात कचरापेटीचं एसव्हीजी चिन्ह आहे. बोट त्या चिन्हावर पडलं की टार्गेट बटण नसतं, आतला पाथ (चिन्हाची रेषा) असतो, आणि त्याला तुमचा क्लास नसतो. मग बटणाच्या कडेला दाबलं तर ओळ जाते, मधोमध दाबलं तर जात नाही. हा दोष फार छळतो, कारण तो कधी दिसतो, कधी नाही. लिसनरच्या पहिल्या ओळीत टार्गेट कन्सोलवर छापा, लगेच कळेल.

इव्हेंटचं करंटटार्गेट म्हणजे लिसनर ज्यावर लावला तो, इथे यूएल. मात्र अवेटनंतर (उदा. सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबल्यावर) ते वाचलंत तर नल (रिकामी किंमत) मिळतं, कारण तोवर इव्हेंटचा फेरा संपलेला असतो. लागणार असेल तर अवेटच्या आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा.

एलआयवरच्या डेटा-आयडीतून आलेली किंमत नेहमी स्ट्रिंग (मजकूर) असते. वस्तूंची माहिती ठेवणाऱ्या अ‍ॅरेमधले आयडी आकडे असतील तर तीन बरोबरच्या चिन्हांची तुलना कधीच जुळत नाही. ओळ पडद्यावरून जाते, पण अ‍ॅरेत तशीच राहते आणि यादी पडद्यावर पुन्हा दाखवली की परत येते. आधी नंबरमध्ये बदलून घ्या.

'जोडा'च्या कोडमध्ये आणखी एक घोळ होऊ शकतो. यूएलच्या इनरएचटीएमएलला (आतल्या एचटीएमएल मजकुराला) अधिक-बरोबर (+=) करून नवी ओळ चिकटवली, की ब्राउझर यूएलच्या आतलं सगळं पाडून नव्याने बांधतो. जुन्या बटणांवरचे लिसनरही त्यात जातात, इनपुटमध्ये टाइप केलेला मजकूरही. त्याऐवजी इन्सर्टअ‍ॅडजसंटएचटीएमएल 'बिफोरएंड'सह वापरा, किंवा क्रिएटएलिमेंट करून अपेंड करा. वस्तूचं नाव वापरणारा टाइप करत असेल तर क्रिएटएलिमेंटचाच मार्ग घ्या आणि नाव टेक्स्टकंटेंटमध्ये भरा, नाहीतर कोणीही त्यातून स्क्रिप्ट घुसवू शकतो.

एवढं करूनही क्लिक यूएलपर्यंत पोचत नसेल तर मधल्या कुठल्या लिसनरमध्ये स्टॉपप्रोपगेशन (क्लिक वर चढू न देणारी आज्ञा) आहे का ते शोधा. फोकस आणि ब्लर हे इव्हेंट (इनपुटमध्ये शिरणं, बाहेर पडणं) मुळातच बबल होत नाहीत; त्यांच्यासाठी फोकसइन, फोकसआउट वापरा.

बटण फॉर्मच्या आत असेल तर टाइप इंग्रजीत 'button' असं स्पष्ट लिहा. टाइप नसलेलं बटण सबमिट धरलं जातं, पान रीलोड होतं आणि ओळ क्षणभर जाऊन परतल्यासारखी दिसते. बटणाऐवजी डिव्ह किंवा स्पॅनला तर हातच लावू नका: खऱ्या बटणावर एंटर किंवा स्पेस दाबला तरी क्लिक इव्हेंट येतो, डिव्हवर येत नाही, आणि माउस न वापरणाऱ्याला ती ओळ काढताच येत नाही.