लॉनसाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: आर्वी तालुक्यातल्या गावात घर बांधलं. समोर १००० चौरस फूट अंगण आहे. तयार लॉन अंथरायचे ठेकेदार ४५,००० मागतो. ६०,००० ची एफडी आहे, ती मोडू का? बोअर मे महिन्यात आटतो. ५००० लिटरचा टँकर ८०० ला पडतो.

उत्तर: ताई, मोडू नका. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा-एक टक्का कापतात, ते किरकोळ आहे. पण घरात शेती असताना हाताशी असलेला राखीव पैसा गवतात घालू नये.

शिवाय ४५,००० हा लावायचा खर्च. पोसायचा वेगळा. आपल्याकडच्या उन्हात चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. तुमचं अंगण ९३ चौरस मीटर, म्हणजे रोज ४६५ लिटर. बोअरने साथ सोडली की तीन आठवड्यांतच दोन टँकर संपतात. कापणी पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी, एरवी महिन्यातून एक-दोनदा. वर्षाला २५ वेळा ३०० रुपये मजुरी धरली तर ७,५०० झाले. हे दरवर्षी.

लॉन हवंच असेल तर ३०० चौरस फूट करा, आणि हरळीचं. वावरातून खणून आपण धुऱ्यावर (बांधावर) फेकतो तीच. मात्र तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची आणू नका. पाणी तुटलं तर ती वरून पिवळी पडते, मुळं जिवंत राहतात, पावसात पुन्हा फुटते. पाच-सहा हजारांत काम होईल.

काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून मे महिन्यात सहा इंच खणा, लव्हाळ्याच्या गाठी एकूण एक वेचा (राहिलेली एक गाठ वर्षभर निंदण लावते), वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि गवत चटईसारखं उचलून हातात येतं. घराच्या उलट बाजूला थोडा उतार ठेवा. पाऊस बसला की चार-चार इंचांवर हरळीच्या कांड्या लावा. दोन इंच वाढली की वरचा एक तृतीयांशच कापा. मुळापर्यंत छाटली तर मे मध्ये जळते. कडेने विटा गाडा, नाहीतर ती भाजीच्या वाफ्यात शिरते.

एवढ्याला रोज १४० लिटर पाणी पुरतं. आंघोळीचं चालेल, कपडे धुतलेलं सोड्याचं नको. उरलेल्या ७०० फुटांवर मुरूम टाका. सोयाबीन वाळवायला जागा लागेलच.